शेक्सपिअरचे गाव कसे जगत होते

स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या गावात माणसे किती, हा प्रश्न सोळाव्या शतकात कोणी सरळ विचारलाच नाही. १५४० च्या दशकाच्या अखेरीस राजाचे अधिकारी गावात आले ते धार्मिक मंडळांची मालमत्ता सरकारजमा करायला. त्यांच्या कागदपत्रांत जाता जाता एक आकडा नोंदला गेला: या पॅरिशमध्ये चर्चचा प्रसाद घेणारे १५०० जण आहेत. प्रसाद घेण्याच्या वयाची माणसेच त्यात धरलेली होती, लहान मुले नव्हती. शिवाय पॅरिशमध्ये गावाबरोबर शॉटरी, लडिंग्टन, बिशपटन अशा आजूबाजूच्या वाड्याही येत. वाड्या वजा करायच्या, मुले मिळवायची, की गावाची वस्ती दीड हजाराच्या थोडी मागेपुढे येते. आपल्याकडे एवढ्या वस्तीला मोठे खेडे म्हणतील. पण ज्या इंग्लंडची सारी लोकसंख्या तेव्हा तीस लाखांच्या आसपास होती, त्या देशात हे चांगले नावाजलेले बाजाराचे गाव होते.

आज जग या गावाला एका माणसामुळे ओळखते. 'विकारविलसित', 'त्राटिका', 'झुंझारराव' या नाटकांतून तो माणूस एकोणिसाव्या शतकातच मराठी रंगभूमीवर येऊन पोचला होता. त्याच्या चरित्रांत हे गाव पार्श्वभूमीला असते: काळ्या तुळयांची घरे, नदी, पूल, हंस. मला मात्र त्या दीड हजारांचे कुतूहल आहे. ती माणसे काय खात होती, कशाने मरत होती, आणि संकट आले की त्याची झळ कोणाला किती बसत होती? या गावाचे दप्तर विलक्षण चांगले टिकले आहे. नगरसभेचे ठराव, दंडाच्या नोंदी, जन्ममृत्यूची नोंदवही, धान्याच्या याद्या, वकिलाची रोजनिशी हे सगळे हाताशी असल्यामुळे उत्तर बऱ्यापैकी मिळते.

गाव आपोआप वाढलेले नव्हते, ते आखून वसवलेले होते. ११९६ साली वूस्टरचे बिशप जॉन यांनी राजा पहिला रिचर्ड याच्याकडून इथे आठवडी बाजार भरवण्याची सनद मिळवली. बाजाराचा वार गुरुवार ठरला. बिशपनी एव्हनच्या काठी सरळ रस्ते आखले आणि सारख्या मापाचे भूखंड पाडले. प्रत्येक भूखंड अंदाजे अठरा मीटर रुंद आणि साठ मीटर खोल, वार्षिक भाडे एक शिलिंग. त्या काळच्या खेड्यातल्या कुळाला जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. इथे शिलिंग भरला की माणूस मोकळा. त्यामुळे आसपासच्या दहा-पंधरा मैलांतून माणसे आली आणि अर्ध्या शतकात भूखंड भरून गेले. रस्त्यांची नावे बाजारावरूनच पडली. मेंढ्यांचा शीप स्ट्रीट, लाकडांचा वुड स्ट्रीट, आणि शिंगवाल्या गुरांचा रॉदर मार्केट. हातमोजे करणारे कारागीर बाजारचौकातल्या क्रॉसखाली बसत, कसायांची जागा वेगळी, कच्च्या कातड्यांची वेगळी. चारशे वर्षांनीही ही आखणी तशीच होती, आणि आजही गावात फिरणाऱ्याच्या पायांना ती कळते.

मधल्या काळात गावाचा कारभार होली क्रॉस गिल्ड नावाचे मंडळ पाहत होते. शाळा, वृद्धांची घरे आणि प्रार्थनामंदिर हे सगळे त्याचेच. ते मंडळ १५४७ साली बरखास्त झाले. १५५३ च्या जूनमध्ये मिळालेल्या सनदेने गावाला स्वतःची नगरसभा दिली. त्यात १४ ऑल्डरमन, १४ बर्जेस, आणि दरवर्षी निवडला जाणारा प्रमुख होता. त्याला बेलिफ म्हणत, आपल्या भाषेत नगराध्यक्ष. चोवीस गरिबांना राहायला घरे देणे आणि शाळेच्या मास्तरांना वर्षाला वीस पौंड पगार देणे या जबाबदाऱ्या सनदेतच लिहून दिल्या होत्या. हे नगरसभासद सारे व्यापारी आणि कारागीर होते. कापडवाले, कसाई, कातडे कमावणारे, हातमोजेवाले. काहींना स्वतःची सही करता येत नव्हती. तरी त्यांनी गाव चालवले, आणि ते कसे चालवले हे पाहण्यासारखे आहे.

त्यांची पहिली लढाई घाणीशी होती. गावाभोवती झाडी भरपूर होती. १५८२ च्या एका मोजणीत गावाच्या हद्दीत सुमारे हजार एल्म वृक्ष भरले. दुरून गाव हिरवेगार दिसत असणार. रस्त्यावर उतरले की चित्र वेगळे. प्रत्येक परसात डुकरे, कोंबड्या, बदके. रस्त्यांच्या कडेने उघडी गटारे. कातडी कमावणाऱ्यांचा चुना आणि मूत्राचा वास, कसायांचे टाकाऊ, गुरुवारी येणाऱ्या शेकडो जनावरांचे शेण. पाणी परसातल्या विहिरीचे, आणि शौचकूपही त्याच परसात. कचरा टाकायला ठरावीक जागी सार्वजनिक उकिरडे होते, पण तिथवर घमेले वाहून नेण्याचा कंटाळा लोक करत.

नगरसभा येण्याच्या आधीच, २९ एप्रिल १५५२ रोजी हेन्ली स्ट्रीटवर घरासमोर उकिरडा केल्याबद्दल तिघांना प्रत्येकी बारा पेन्स दंड झाला. कुशल कारागिराच्या दीड-दोन दिवसांच्या मजुरीइतकी ही रक्कम होती. त्या तिघांतला एक हातमोजेवाला जॉन शेक्सपिअर. त्याच्या नाटककार मुलाच्या चरित्रांत ही नोंद नेहमी येते. मला तिच्यापेक्षा सहा वर्षांनंतरची एक नोंद जास्त बोलकी वाटते. १५५८ च्या एप्रिलमध्ये गटार साफ न ठेवल्याबद्दल पुन्हा काही जणांना चार-चार पेन्स दंड झाला. त्या यादीत जॉन शेक्सपिअर होता, एड्रियन क्विनी हा प्रतिष्ठित व्यापारी होता, आणि त्या वर्षीचा बेलिफ फ्रान्सिस बर्बेजही होता. गावाच्या पहिल्या नागरिकालाही दंडाच्या वहीत नाव लिहून घ्यावे लागले. डुकरे मोकळी सोडू नयेत, आपल्या घरापुढचा रस्ता आपण झाडावा, परक्या माणसाला परवानगीशिवाय घरात ठेवू नये, नोकर आणि उमेदवार मुलांनी रात्री नऊनंतर बाहेर फिरू नये, असे ठराव पुन्हा पुन्हा झालेले दिसतात. ठराव पुन्हा पुन्हा करावे लागले याचा अर्थ ते पाळले जात नव्हते. पण करणारे थकलेही नाहीत.

घरे आर्डनच्या जंगलातल्या ओकच्या सांगाड्यावर उभी असत. जोते जवळच्या विल्मकोटच्या निळसर करड्या दगडाचे. तुळयांमधल्या चौकटी कुडाच्या, वर माती, शेण आणि चिरलेल्या पेंढ्याचा गिलावा. छप्पर बहुतेकांचे गवताचे. खिडकीला काच असणे ही मिळकत होती. घर सोडताना लोक काच काढून नेत. गरिबाच्या घरी जमीन मातीचीच, त्यावर लव्हाळे अंथरलेले. उबेसाठी एकच चूल. अशा घरात माणसे, धान्य आणि उंदीर एकत्र राहत, आणि या शेजाराची किंमत गावाने १५६४ साली मोजली.

होली ट्रिनिटी चर्चची नोंदवही १५५८ पासून सुरू होते. आज आहे ती १६०० च्या सुमारास चर्मपत्रावर उतरवलेली नक्कल. १५६४ च्या पहिल्या सहामाहीत दफने नेहमीसारखीच, वीस-बावीस. त्या एप्रिलच्या २६ तारखेला विल्यमचा बाप्तिस्मा नोंदला आहे. मग ११ जुलैला विणकराकडे उमेदवारी करणाऱ्या ऑलिव्हर गन या मुलाचे दफन, आणि त्या ओळीशेजारी लॅटिनमधले तीन शब्द. त्यांचा अर्थ एवढाच, की इथे प्लेग सुरू झाला. आदल्या वर्षी लंडनमध्ये याच रोगाने सुमारे वीस हजार माणसे नेली होती. आता तो रस्त्यांनी आणि बाजारांनी प्रवास करत मध्य इंग्लंडात पोचला होता. वर्ष संपेपर्यंत स्ट्रॅटफर्डमध्ये दोनशेहून अधिक माणसे पुरली गेली. सात-आठांत एक.

या आकड्याचा अर्थ घराघरांत शोधावा लागतो. हेन्ली स्ट्रीटवरच्या रॉजर ग्रीनची चार मुले गेली. नगरसभेचे कारकून रिचर्ड सिमन्स यांचे दोन मुलगे आणि एक मुलगी गेली. हातमोजेवाल्याच्या घरात अडीच महिन्यांचे तान्हे होते. त्याच्या आधीच्या दोन बहिणी बालपणीच गेल्या होत्या. याच रस्त्यावर, काही दारे सोडून मृत्यू चालला होता, आणि हे बाळ वाचले. का वाचले, याला काही कारण नाही.

नगरसभेने त्या उन्हाळ्यात काय केले? ३० ऑगस्टला सभा भरली ती सभागृहात न भरता गिल्डच्या बागेत, मोकळ्या हवेत. रोग कशाने पसरतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, ग्रहदशा, देवाचा कोप अशीच कारणे सांगितली जात. पिसवा आणि उंदीर यांच्याकडे बोट दाखवायला अजून तीनशे वर्षांहून जास्त काळ जायचा होता. पण बंद खोलीत दाटीवाटीने बसू नये एवढे शहाणपण त्यांना अनुभवाने आले होते. त्या बागेत बसून त्यांनी रोगाने गांजलेल्या गरिबांसाठी वर्गणी काढली. जॉन शेक्सपिअरने बारा पेन्स दिले, बाकीच्यांनी ऐपतीप्रमाणे. ज्यांना पळून जाणे शक्य होते, अशी ही खाऊनपिऊन सुखी माणसे गावात राहिली, सभेला आली आणि पैसे देऊन गेली. त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो, आणि पुढे चौतीस वर्षांनी याच वर्गाने काय केले ते वाचताना त्या आदराची आठवण ठेवावी लागते.

प्लेगचे वर्ष सोडले तरी मृत्यू रोजचाच होता. इंग्लंडभर त्या काळी चारातले एक मूल दहा वर्षांचे होण्याआधी जाई. जॉन आणि मेरी शेक्सपिअर यांना आठ मुले झाली. थोरली जोन आणि दुसरी मार्गारेट लहानपणीच गेल्या, अॅन आठवे वर्ष पुरे होण्याआधी. जोन हे नाव पुढच्या मुलीला पुन्हा ठेवले. वाढलेल्या पाचांतला विल्यम आणि त्याची बायको अॅन यांचा मुलगा हॅम्नेट अकरा वर्षांचा होऊन गेला; ११ ऑगस्ट १५९६ रोजी त्याचे दफन झाले. हे कुटुंब गावातले सुस्थितीतले. गरिबांच्या घरची मोजदाद याहून वाईट असणार.

तरीही गाव वाढत राहिले. साध्या वर्षांत बाप्तिस्मे दफनांपेक्षा जास्त असत आणि त्यात बाहेरून येणाऱ्यांची भर पडे. जॉन शेक्सपिअर स्वतः चार मैलांवरच्या स्निटरफील्डचा, कुळाचा मुलगा. खेड्यांत जमीन पुरेना, गावात मात्र काहीतरी काम मिळे. सोळावे शतक संपता संपता वस्ती अडीच हजारांकडे सरकली होती असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पण माणसे वाढली तशी कामे वाढली नाहीत. लोकर, सूत आणि कापड यांचा जुना धंदा ढासळला होता. १५९० साली नगरसभेने राणीचा मंत्री लॉर्ड बर्ली याच्याकडे केलेल्या अर्जात हेच गाऱ्हाणे आहे, की पूर्वीचा कापडाचा धंदा गेल्यामुळे गाव खचले आहे. घरे तेवढीच, भाडेकरू जास्त, परसातल्या गोठ्यांच्या आणि कोठारांच्या खोल्या झालेल्या.

इथे नदीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण बाजार पुलावर जगत होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ह्यू क्लॉप्टन या गावच्याच, पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झालेल्या माणसाने एव्हनवर चौदा कमानींचा दगडी पूल बांधून दिला. त्याआधी लाकडी पूल होता, आणि पाणी चढले की लोक बाजाराला यायलाच भीत. जुलै १५८८ मध्ये मोठा पूर आला. तीन माणसे पूल ओलांडत होती. मध्यावर पोचली तेव्हा पुढची वाट पाण्याखाली गेलेली. मागे वळली तर मागचीही गेलेली. पुराने पुलाची दोन्ही टोके मोडली. शेजारच्या वेलफर्ड गावच्या नोंदवहीत एका पाद्र्याने हे लिहून ठेवले आहे. क्लॉप्टनच्या कमानी मात्र टिकल्या, आणि आजही त्यांवरून मोटारी जातात.

१५९० चे दशक हा गावाचा खरा कसोटीचा काळ. २२ सप्टेंबर १५९४ रोजी, रविवारी, आग लागली. जवळजवळ वर्षाने, २१ सप्टेंबर १५९५ रोजी, पुन्हा रविवारी, दुसरी आग लागली. गवताची छपरे, कोठारांत माल्टसाठी रचलेले जव आणि ते भाजायच्या भट्ट्या. या सगळ्यांत आगीला अडवणारे काही नव्हतेच. दोन आगींत मिळून १२० राहती घरे आणि ८० इतर इमारती जळाल्या. नुकसान बारा हजार पौंड सांगितले गेले. शाळेच्या मास्तरांना वर्षाला वीस पौंड मिळत, यावरून ती रक्कम केवढी होती ते समजावे. देवाचा वार न पाळल्याची ही शिक्षा, असे प्रवचनकारांनी पुढे कित्येक वर्षे सांगितले. नगरसभेने मात्र गवताच्या छपरांना विरोध सुरू केला, कातड्याच्या बादल्या आणि जळते छप्पर ओढून काढायचे आकडे यांची तजवीज केली, आणि आपली माणसे शेजारच्या परगण्यांत मदत गोळा करायला पाठवली.

आणि त्याच वर्षांत पीक बुडाले. १५९४ पासून सलग चार वर्षे उन्हाळ्यात पाऊस कोसळत राहिला, गहू आणि जव शेतातच कुजले, भाव दुपटीच्या पलीकडे गेले. गव्हाची भाकरी गरिबाच्या घरी एरवीही क्वचितच. त्याचे पोट जवाच्या आणि वाटाण्या-घेवड्याच्या भाकरीवर चाले. पण जव हाच गावाच्या एकमेव उरलेल्या धंद्याचा कच्चा मालही होता. जवाला पाण्यात भिजवून मोड आणायचे, भट्टीवर वाळवायचे आणि ते माल्ट एल या हलक्या दारूसाठी विकायचे. लहानमोठे सगळेच एल पीत. ते रोजचे पेय होते. आमची घरे याच कामासाठी बांधलेली आहेत, याखेरीज आम्हाला दुसरा धंदा नाही, असे नगरसभेने सरकारला कळवले होते. ते खरे होते. पण दुष्काळात जवाचे माल्ट होणे म्हणजे गरिबाच्या ताटातली भाकरी भट्टीवर जाणे, हेही खरेच होते. म्हणून राणीच्या प्रिव्ही कौन्सिल या सल्लागार मंडळाने माल्ट करण्यावर बंधने घातली आणि कोणाकडे किती साठा आहे ते मोजण्याचा हुकूम काढला.

ती यादी ४ फेब्रुवारी १५९८ ची आहे. वॉर्डवार, घरवार. चॅपल स्ट्रीटच्या वॉर्डात नाव आहे विल्यम शेक्सपिअर, साठा दहा क्वार्टर. म्हणजे ऐंशी बुशेल, आजच्या मापाने अठ्ठावीसशे लिटरच्या आसपास. त्याने आदल्याच वर्षी न्यू प्लेस हे गावातले दुसऱ्या क्रमांकाचे मोठे घर घेतले होते. याच यादीत शाळामास्तरांचेही नाव आहे. नगरसभेतली ओळखीची नावे तर आहेतच. शेक्सपिअरचा साठा मोठ्या घराच्या वर्षभराच्या वापराइतकाच होता, असे काही अभ्यासक म्हणतात, आणि ते शक्य आहे. गुन्हा म्हणून ती नोंद वाचू नये. पण एकीकडे घरचे वर्षाचे माल्ट भरून ठेवणारी घरे, आणि दुसरीकडे गुरुवारच्या बाजारात पेलाभर धान्य न परवडणारी घरे, अशी गावाची वाटणी त्या यादीत उघडी पडली आहे.

गरिबांना ती दिसत होती. त्याच वर्षी जानेवारीत एब्रहम स्टर्ली या नगरसभासदाने लंडनला गेलेल्या रिचर्ड क्विनी याला पत्र लिहिले. त्यात तो कळवतो की लोक संतापले आहेत, तक्रार घेऊन सरदारांकडे गेले आहेत. माल्टवाल्यांना त्यांच्याच दारात फासावर लटकलेले पाहायची आशा एक जण उघड बोलून दाखवतो आहे. फाशी कोणाला झाली नाही. पण ज्या वर्गाने १५६४ च्या बागेत वर्गणी काढली होती, त्याच वर्गाच्या कोठारात १५९८ साली जव होते. यात मला त्याच माणसांच्या दोन बाजू दिसतात. रोगात गरिबाला पैसे देऊन आपले नुकसान होत नव्हते. दुष्काळात धान्य सोडणे म्हणजे धंदा सोडणे होते.

क्विनी लंडनला गेला होता तो गावासाठी. दोन आगी, बुडालेले पीक आणि बंद पडत चाललेला धंदा यांमुळे कर माफ व्हावा, अशी विनंती घेऊन तो चार महिने दरबारी खेटे घालत होता. खर्च भागेना तेव्हा २५ ऑक्टोबर १५९८ रोजी त्याने लंडनमधल्या आपल्या गाववाल्या नाटककाराला तीस पौंड कर्जाऊ मागणारे पत्र लिहिले. शेक्सपिअरला आलेले एवढे एकच पत्र आज अस्तित्वात आहे, आणि तेही क्विनीच्याच कागदांत सापडले. म्हणजे बहुधा ते पोचते झालेच नाही. कर मात्र माफ झाला. क्विनीचा शेवट वाईट झाला. गावचा जहागीरदार सर एडवर्ड ग्रेव्हिल नदीकाठचे बँक्रॉफ्ट हे गायरान कुंपण घालून बळकावू पाहत होता. क्विनीने त्याला विरोध केला. १६०२ साली बेलिफ असताना ग्रेव्हिलच्या माणसांनी घातलेला दंगा मिटवायला तो गेला, डोक्याला मार लागला आणि त्यातच तो गेला. मागे बायको आणि नऊ मुले. नगराध्यक्षपदाची ही किंमत मोजलेल्या माणसाचे नाव आज शेक्सपिअरला न पोचलेल्या पत्रामुळे तेवढे लोकांना माहीत आहे, याचे वाईट वाटते.

त्या काळातल्या आहाराचा आणि आजारांचा पुरावा डॉक्टर जॉन हॉल यांच्या टिपणांत मिळतो. १६०७ साली शेक्सपिअरची थोरली मुलगी सुझाना हिच्याशी त्यांचे लग्न झाले. चाळीस मैलांपर्यंत घोड्यावरून जाऊन ते रुग्ण पाहत. कॅथलिक असो की प्युरिटन, त्यांनी भेद केला नाही. त्यांच्या टिपणांत हिवताप, जंत, बाळंतपणातले ताप आणि स्कर्व्ही यांची गर्दी आहे. हिवाळाभर खारवलेले मांस, सुकी मासळी आणि भाकरी, हिरवे काही नाही. त्यामुळे हिरड्या सुजत, दात हलत. हॉल ओढ्याकाठच्या हिरव्या वनस्पतींचा रस बिअरमध्ये घालून देत, आणि लोक बरे होत. क जीवनसत्त्वाचा शोध लागायला तीनशे वर्षे होती. निरीक्षणाच्या बळावर एका गावच्या डॉक्टरने योग्य औषध धरले होते.

९ जुलै १६१४ रोजी तिसरी मोठी आग लागली. दोन तासांच्या आत ५४ राहती घरे गेली. गाव अजून राख उपसत होते, तोच शरद ऋतूत बातमी आली की उत्तरेकडच्या वेल्कमच्या खुल्या शेतांना कुंपण घालून तिथे मेंढ्यांचे कुरण करायचे घाटते आहे. मुख्य माणूस विल्यम कोम्ब, तरुण आणि श्रीमंत जमीनदार. नांगराखालची जमीन कुरण झाली की कापणीची मजुरी बुडणार, धान्य कमी होणार. त्या शेतांच्या धान्यातला दशमांश नगरसभेच्या उत्पन्नाचा भाग होता, आणि त्यावरच गरिबांचा खर्च चाले. नगरसभेने विरोधाच्या पत्रात लिहिले की गावात दानावर जगणारे सातशेहून अधिक गरीब आहेत, आणि त्यांचे शाप कुंपण घालणाऱ्यांना लागतील. पत्रातला आकडा थोडा फुगवलेला असेल असे धरले, तरी अडीच हजारांच्या गावात सातशे म्हणजे चारात एकाहून जास्त. १५६४ साली प्लेगने नेलेल्या माणसांच्या जवळपास तिप्पट माणसे आता रोज मदतीच्या भाकरीवर होती.

दशमांशात शेक्सपिअरचाही वाटा होता. कुंपणामुळे त्याचे नुकसान झाल्यास भरपाई देण्याचा करार ऑक्टोबर १६१४ मध्येच त्याच्याशी झाला. गावाच्या बाजूने तो उभा राहिल्याची नोंद नाही. नगरसभेचा वकील आणि कारकून थॉमस ग्रीन त्याचा नातेवाईक. त्याने या सगळ्याची रोजनिशी ठेवली आहे, आणि शेवटचा प्रसंग त्यातूनच कळतो.

डिसेंबरमध्ये कोम्बच्या माणसांनी खंदक खणायला आणि बांध घालायला सुरुवात केली. जानेवारी १६१५ मध्ये नगरसभेच्या दोघांनी कायदेशीर हक्क मिळावा म्हणून तिथे छोटासा पट्टा भाड्याने घेतला आणि फावडी घेऊन खंदक बुजवायला गेले. कोम्बच्या माणसांनी त्यांना जमिनीवर आडवे केले. कोम्ब घोड्यावर बसून हसत राहिला, आणि हे फुटबॉल चांगला खेळतात म्हणाला. दुसऱ्या दिवशी स्ट्रॅटफर्ड आणि बिशपटनच्या बायका आणि मुले वेल्कमला गेली, आणि त्यांनी खंदक बुजवून टाकला. त्यांच्यापैकी एकीचेही नाव ग्रीनच्या रोजनिशीत नाही. त्या गावात दंडाची, जन्माची, मृत्यूची, धान्याची एवढी काटेकोर नोंद ठेवणाऱ्यांनी ही यादी करायला हवी होती.

प्रकरण वॉरिकच्या न्यायालयात गेले. मार्च १६१५ मध्ये सरन्यायाधीश एडवर्ड कोक यांनी कुंपणाला मनाई केली. कोम्बने हट्ट सोडला नाही, तेव्हा १६१६ च्या वसंतातल्या सत्रात कोक यांनी त्याला पुन्हा बजावले, की त्याने ही आशा सोडून द्यावी: त्याला कुंपण घालता येणार नाही आणि नांगराखालच्या जमिनीचे कुरण करता येणार नाही.